उजाळा

(द्वितीय वर्ष, कला)

स्नेहसंमेलनात, निरोप समारंभात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक वाक्य हटकून कानावर पडते : 'जुन्या आठवणींना उजाळा मिळाला.' वक्ता ते बोलतो, टाळ्या पडतात आणि पुढचा वक्ता उठतो. आमच्या घरी मात्र हा शब्द असा हवेत तरंगत नाही. त्याला वजन आहे, वास आहे, आणि त्याचा डाग हातावरून धुतल्याशिवाय जेवायला बसता येत नाही. माझे वडील नाना पेठेतल्या एका गॅरेजात मोटारींना रबिंग-पॉलिश करतात. उन्हाने विटलेल्या, पांढुरक्या पडलेल्या गाड्यांना उजाळा देणे हा त्यांचा गेल्या २६ वर्षांचा धंदा. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मुलगा मी, आणि त्या पायरीची फी याच उजाळ्यातून आली. मराठीच्या तासाला आम्ही अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकतो. या एका शब्दाची अभिधा मी घरी शिकलो. तीच येथे सांगावी म्हणतो.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. आमच्या पिढीच्या वाट्याला आले ते मोटारींचे पुणे. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी तयार झाल्या, पिंपरीत टेल्कोची वाहने. टेल्कोचे नाव २००३ साली टाटा मोटर्स झाले, तरी आमच्या गल्लीतली म्हातारी माणसे अजून 'टेल्को'च म्हणतात. कारखान्यातून नवी गाडी बाहेर पडते तेव्हा तिचे फोटो निघतात. तीच गाडी म्हातारी झाली, की तिची शुश्रूषा नाना पेठ, भवानी पेठ, मंगळवार पेठ या भागांतल्या गॅरेजांत होते. गॅरेजातही उतरंड असते. इंजिनाचे काम करणारा तो मिस्त्री. त्याला सगळे मान देतात. मग वायरमन, मग पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर, मग पेंटर. रबिंगवाला सर्वांत शेवटी. पंगतीत ताक येते तसा तो येतो. नसला तरी जेवण झाले असे म्हणता येते.

दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) करमाळ्याकडचे. सातवी झाल्यावर दुष्काळाने त्यांना पुण्याला आणले. काही वर्षे हॉटेलात कपबश्या विसळल्या, मग गॅरेजात आले. तिथे एका वयस्क कारागिराने त्यांना हाताशी धरले. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी पहिले सहा महिने मशीनला हात लावू दिला नाही. नुसते फडके धरायला शिकवले. खाली पडलेले फडके पुन्हा गाडीला लावायचे नाही, हा पहिला धडा. फडक्यात धुळीचा एक कण जरी अडकला, तरी ज्या हाताने चकाकी यायची त्याच हाताने ओरखडे उठतात.

गाडीचा रंग जातो म्हणजे नेमके काय होते? लोक म्हणतात, गंज चढला. गंज लोखंडाला चढतो. इथे बिघडतो तो रंग. रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात : रंग देणारी बारीक भुकटी आणि ती भुकटी धरून ठेवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून या राळेचे बंध तोडतात. धरणारा हात सुटला, की भुकटी मोकळी होते. मग गाडीवरून बोट फिरवले तर फळ्यावरच्या खडूसारखा रंग बोटाला लागतो. दादा याला 'रंग पिठूळला' म्हणतात. पिठूळ पृष्ठभाग उजेड सरळ परत पाठवत नाही, चहूकडे विखरतो. म्हणून लाल गाडी गुलाबी दिसू लागते आणि काळी राखाडी. टप आणि बॉनेट दिवसभर आकाशाकडे तोंड करून असतात, म्हणून ते आधी जातात, दारे मागाहून. लाल रंग तर फारच लवकर विटतो. त्यात झाडाचा चीक आणि पाखरांची विष्ठा यांची भर. पुण्यात सावलीसाठी गाडी झाडाखाली लावावी, तर उन्हातून सुटते आणि कावळ्यांच्या तावडीत सापडते.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत जी तांब्याची भांडी घडतात, ती घरोघरी काळवंडली की चिंचेने घासतात. चिंचेतले आम्ल वरचा काळा थर विरघळवते आणि खालचे तांबे झळकते. घंगाळ जाड पत्र्याचे असते. आजीने घासले, आईने घासले, सुनेने घासले, तरी ते पुरून उरते. मोटारीचे तसे नाही. नव्या गाडीच्या पत्र्यावरचे अस्तर, रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीत गाडीचे सगळे रूप मावलेले असते, आणि उजाळा द्यायचा तो त्यातलाच थोडा भाग खरवडून! ही गोष्ट गिऱ्हाइकांना पटत नाही. त्यांना वाटते, पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावतात. वस्तुतः गाडी चकाकते ती जितकी कमी होते तितकी.

गाड्यांना लवकर वाळणारा रंग मिळाला त्याला आता शंभर वर्षे झाली. त्याआधी ब्रशने रंग आणि वॉर्निशचे हात चढवून वाळवण्यात आठवडे जात. फोर्डची 'मॉडेल टी' १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत असे. १९२३ साली अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने 'ड्यूको' नावाचा सेल्युलोजचा रंग आणला, आणि रंगीत गाड्या झटपट निघू लागल्या. आमच्या गॅरेजात पेंटर अजूनही 'ड्यूको मारला' म्हणतात. मी ही हकीकत दादांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे ते डब्याचं नाव व्हय? मी आपला समजत होतो, मराठी शब्द हाय."

गेल्या दिवाळीच्या आधी गॅरेजात एक लाल मारुती ८०० आली. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या जानेवारीत बनायची थांबलेली ही गाडी कित्येक मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार. ही सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची होती. १९९६ साली स्वतःच्या पगारातून हप्ते फेडून त्यांनी ती घेतली होती. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी चालवणे सोडले, आणि गाडी चार वर्षे उघड्यावर उभी राहिली. आता पुण्यात शिकायला आलेल्या भाचीला ती द्यायची होती. एका पेंटरने सांगितले होते, सगळा रंग नवा मारावा लागेल. तेवढा खर्च बाईंना झेपणारा नव्हता. आणि मनातूनही नको होता. "हा रंग लांबून दिसला की मुलं वर्गात जाऊन बसायची हो," त्या म्हणाल्या.

दादांनी काही न बोलता एक फडके ओले करून बॉनेटवरून फिरवले. ओल्या जागी क्षणभर गडद लाल रंग उमटला. पाणी वाळले तसा पुन्हा गुलाबी झाला. "जिवंत हाय," दादा म्हणाले. ही त्यांची परीक्षा. पृष्ठभागावरच्या बारीक खाचा पाणी भरून काढते, त्यामुळे खाली रंग शिल्लक असेल तर दिसतो. ओले करूनही पांढरे चट्टे तसेच राहिले तर समजावे, रंग गेला. तिथे रबिंगवाल्याचे काम नाही. फडक्यालाही लाल रंग लागला होता. याचा अर्थ त्यावर पारदर्शक थर नव्हता, जुन्या पद्धतीचा उघडा रंग होता. अशा रंगाला उजाळा चांगला मिळतो.

तो शनिवार होता, आणि दुसऱ्या दिवशी मला सुट्टी. म्हणून मी दोन्ही दिवस हाताखाली होतो. गाडी आधी दोनदा धुतली. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला मातीचा गोळा सगळ्या अंगावरून फिरवला. विशिष्ट चिकणमातीसारखा हा गोळा असतो. धुऊनही न निघणारे कण तो उचलून घेतो. त्यानंतर रबरी पट्ट्या, आरशांचे बूड आणि पत्र्याच्या सगळ्या कडा यांवर कागदी चिकटपट्टी लावली. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, आणि मशीन तिथेच जास्त चावते. संध्याकाळी दादांनी टप आणि बॉनेट यांना तेलकट पॉलिश हाताने चोळून रात्रभर तसेच मुरू दिले. कोरड्या पडलेल्या रंगाला आधी तेल पाजावे, मग मशीन लावावे, ही चाचांची शिकवण.

रविवारी सकाळी सावलीत काम सुरू झाले. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकते, म्हणून जागा आधी सावलीची शोधावी लागते. कंपाउंड म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची अतिबारीक भुकटी लोण्यासारखी मळून केलेला लेप. दादांनी प्रथम दारावरची वीतभर जागा करून पाहिली. एवढ्यावर काय लागते ते कळले, की सगळ्या गाडीचे कळते. मग मशीनला लोकरीचा पॅड. "लोकर चावती, स्पंज पुसतो," असे ते म्हणतात. मशीन मिनिटाला हजार ते दीड हजार फेरे घेते. एका वेळी दोन फूट लांब-रुंद जागा घ्यायची. आधी आडवे, मग उभे. आणि प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. गावी आजी अंगण सारवताना हात अगदी असाच टाकते. पांढरा पॅड पाहता पाहता लाल होतो. तो लाल म्हणजे मेलेला रंग. ब्रशने झाडून तो दर वेळी काढावा लागतो, नाही तर तोच पुन्हा गाडीवर घासला जातो. मध्येच दादा मशीन थांबवून तळव्याची मागची बाजू पत्र्याला लावतात. आई तापाच्या पोराच्या कपाळाला हात लावते तशी. पत्रा गरम लागला तर दुसरीकडे वळतात.

दुपारपर्यंत बॉनेटचा गुलाबी खडू गेला होता. पण उन्हात नेऊन पाहिले तर गोल गोल भोवऱ्यांचे जाळे दिसत होते. लोकरीच्या पॅडची ती खूण. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपते आणि गिऱ्हाईक सावलीतच पैसे देऊन जाते. दादांनी मऊ स्पंजचा पॅड आणि त्याहून बारीक पॉलिश घेऊन सगळे पुन्हा केले. शेवटी मेण. हे मेण ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून मिळते. पान उन्हात सुकू नये म्हणून झाडाने स्वतःसाठी केलेली ही सोय. ती आपल्याकडे सदाशिव पेठेतल्या मारुतीच्या उपयोगी पडते.

पाच वाजता बाई आल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बॉनेटमध्ये स्वतःचा चष्मा दिसतो का ते त्या पाहत होत्या. मग त्यांचे लक्ष बॉनेटच्या पुढच्या कडेकडे गेले. तिथे बोटभर लांबीचा फिकट पट्टा राहिला होता.

"इथे एकदा फिरवा की मशीन," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई. हितं एवढंच."

"अहो, दोन मिनिटांचं तर काम! पैसे लागतील तर सांगा."

"पैशाचं न्हाई. ह्याच्या खाली रंग न्हाई, अस्तर हाय. मशीन लावलं तर आत्ता चमकंल आन् राखाडी पत्रा बघायला मिळंल."

"म्हणजे डाग राहणार?"

"राहणार."

बाई क्षणभर ओठ मिटून उभ्या राहिल्या. गॅरेजचे मालक दुरून पाहत होते. गिऱ्हाईक नाराज होऊन जाऊ नये असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिले होते. दादांनी मशीनची पिन काढून वायर गुंडाळायला घेतली. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर राहू दे." पैसे देताना त्यांनी मला विचारले, "कितवीला आहेस?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "यांच्याकडूनही शीक."

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. फिरवणे कोणालाही शिकता येईल. थांबणे शिकायला २६ वर्षे लागतात. गाडीच्या अंगावर किती शिल्लक आहे हे डोळ्यांना दिसत नाही. पॅडच्या आवाजातला फरक, तळव्याला लागणारी ऊब, फडक्यावर उतरणारा रंग यांवरून ते ओळखावे लागते. हे ओळखण्यातली चूक दुरुस्त होत नाही, कारण काढलेला थर कोणत्याही बाटलीत मिळत नाही.

आताच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो. उन्हापासून राखणारी द्रव्ये त्या थरातच घातलेली असतात. तो नुसता धुरकट झाला असेल तर पॉलिशने खुलतो. पण साल निघाल्यासारखे त्याचे पापुद्रे सुटू लागले तर जगातला कोणताही पॅड तो परत आणू शकत नाही. अशी एक चंदेरी गाडी मागे आली होती. 'काहीतरी करा, दिवाळीपुरतं तरी दिसू दे,' असे मालकाचे म्हणणे. दादांनी सरळ सांगितले, की पैसे वाया जातील, पेंटरकडे जा. ऐन हंगामातले काम असे हातचे सोडलेले पाहून आईने घरी कपाळाला हात लावला. गणपती ते दिवाळी एवढाच आमचा सुगीचा काळ. खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ घातली, की पुढच्या पंधरा दिवसांत वर्षाची बेगमी करायची असते.

अलीकडे नदीपलीकडच्या नव्या वस्तीत 'डिटेलिंग स्टुडिओ' निघाले आहेत. काचेच्या भिंती, पांढरे दिवे, गारवा. तिथली मशीने हलकी. त्यांचा पॅड फिरतो आणि फिरता फिरता हेलकावतोही. त्यामुळे पत्रा कमी तापतो, भोवरे उठत नाहीत. शेवटी काचेच्या जातीचे सिरॅमिकचे अस्तर देतात. काम मुळात तेच, दर मात्र कितीतरी पट. दादांचा उजवा खांदा आता दुखतो. अडीच-तीन किलोचे जुने मशीन दिवसभर पेलताना हात बधिर होतो. म्हणून ते अशा एका ठिकाणी काम मागायला गेले. त्यांनी एक दार करून दाखवले. काम पसंत पडले. पण दहावीचा दाखला नाही, कसले प्रमाणपत्र नाही, बाटल्यांवरचे इंग्रजी वाचता येत नाही. तेव्हा 'कळवतो' म्हणून सांगण्यात आले. अजून कळवलेले नाही.

त्या रात्री घरी येऊन दादा रागावले नाहीत. तिथे पाहिलेल्या एका यंत्राबद्दलच बोलत राहिले. काडेपेटीएवढे यंत्र पत्र्यावर टेकवले की रंगाची जाडी आकड्यात दाखवते. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र गप्प बसते.

"मायक्रॉन म्हंजे काय रे?" त्यांनी विचारले.

मी सांगितले, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक.

"मग आपल्या एका फेरीत किती जातं?"

"दोन-चार मायक्रॉन."

त्यांनी डोक्यावरचा एक केस उपटला, दिव्यासमोर धरला आणि मी सांगितलेला ७० चा आकडा मनाशी घोळवला. "म्हंजे ह्याचा इसावा हिस्सा," ते म्हणाले. "एवढंच काढतो मी?" मग आपल्या हाताकडे त्यांनी असे पाहिले, की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत एक सोय आहे. वर्गात न बसता, कामावरच काम शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला दाखला देतात. मी चौकशी केली. दादा आधी नाही म्हणाले. परीक्षा या शब्दाचीच त्यांना धास्ती. हाताने विचारतील ते सांगेन, तोंडाने विचारले तर काय सांगू, असा त्यांचा प्रश्न. तेव्हा आम्ही तयारीला बसलो. रोज जेवणानंतर मी विचारतो, ते सांगतात, मी वहीत उतरवून घेतो. बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, शेजारी इंग्रजी अक्षरे. आता तीन नावे ते इंग्रजीतून वाचतात.

सोपे वाटणारे प्रश्नच अवघड निघाले. "शेवटच्या हाताला दाब किती द्यायचा?" असे मी विचारले. दादांनी बराच विचार केला, रिकामे हात हवेत फिरवून पाहिले आणि म्हणाले, "दाब द्यायचाच न्हाई. मशीनचं वजन हाय तेवढं पुरं." मी तसे लिहिले. दुसऱ्या एका ठिकाणी मी 'रंगाला चकाकी आणणे' असे लिहिले होते. वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ते खोडायला लावले. "आणत न्हाई आपण. ती खाली असतीच. मेलेलं तेवढं बाजूला काढायचं, असं लिही." व्याकरणाच्या दृष्टीने माझे वाक्य निर्दोष होते. त्यांचे वाक्य खरे होते, म्हणून वहीत तेच राहिले.

वहीची अकरा पाने भरली आहेत. कंपाउंड, पॅड, पॉलिश, मेण, कडा, ऊन, आणि 'काम कधी नाकारावे' असे एक स्वतंत्र पान. अर्जात 'अनुभव' असा एक रकाना आहे. त्याला एकाच ओळीची जागा आहे. मी त्यात '२६ वर्षे' एवढे लिहिले आणि अर्जाला ती अकरा पाने टाचणीने जोडली. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी गॅरेजातून रजा मिळावी म्हणून दादांनी मालकांना आतापासूनच सांगून ठेवले आहे.